फेअरफॅक्स काउंटीतली सरकारी हायस्कूलं: दोन शाळांची तुलना नेमकी कशी करायची

"हर्नडनला घर बघतोय. तिथली शाळा चांगली आहे का हो?" मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत उभी असताना हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. विचारणारे आई-बाबा बहुतेक वेळा घाईत असतात. लीज महिनाअखेर संपणार असते, मूल आठवीत असतं आणि फोनवर कुठल्यातरी साइटचा दहापैकी सात किंवा नऊ असा आकडा उघडलेला असतो. रांगेतल्या दोन मिनिटांत मला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहून काढते आहे. मुलीच्या वेळी हे सगळं मी एकदा केलं. ती आता अकरावीत आहे. धाकटा सातवीत आहे, त्यामुळे सध्या दुसऱ्यांदा करते आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपल्या मनात महाराष्ट्रातली पद्धत पक्की बसलेली असते. तिकडे अकरावीला गुण बघतात, कट-ऑफच्या याद्या लागतात आणि मूल कॉलेज निवडतं. इथे, अमेरिकेतल्या फेअरफॅक्स काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), पत्ता शाळा ठरवतो. फेअरफॅक्स काउंटी पब्लिक स्कूल्स ही व्हर्जिनियातली सर्वांत मोठी शाळा-यंत्रणा. तिच्यात सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी आहेत. पश्चिम भागासाठी घेतलेलं नवं हायस्कूल सोडलं, तर टीजे (निवड करून प्रवेश देणारं थॉमस जेफरसन हायस्कूल, त्याबद्दल सातव्या पायरीत) धरून २५ हायस्कूलं आहेत. टीजे वगळता प्रत्येकाची हद्द नकाशावर आखलेली आहे. तुमचं घर ज्या हद्दीत, ती तुमची 'बेस स्कूल'. म्हणजे शाळांची तुलना करायची तर ती घर घ्यायच्या आधी.

पहिली पायरी: पत्त्याची खात्री

काउंटीच्या शाळा-यंत्रणेच्या संकेतस्थळावर 'बाउंड्री लोकेटर' नावाची सोय आहे. घर क्रमांक आणि रस्त्याचं नाव टाकलं की प्राथमिक, मिडल आणि हायस्कूल (नववी ते बारावी) अशी तिन्ही नावं येतात. फक्त याच्यावरच विश्वास ठेवा. घरं दाखवणाऱ्या साइटवर, जाहिरातीत किंवा घरमालकाच्या तोंडी जे शाळेचं नाव येतं, ते पुरावा नव्हे.

हे मी अनुभवावरून सांगते. आम्ही पहिलं टाउनहाउस भाड्याने घेतलं, तेव्हा घरांच्या एका साइटवर एका हायस्कूलचं नाव ठळक दिलं होतं. आम्ही ती शाळा बाहेरून बघून आलो, मुलीलाही आवडली. लीजवर सह्या झाल्या. नावनोंदणीला गेलो तेव्हा कळलं की हद्दीची रेषा आमच्या मागच्या कुंपणावरून जाते. कुंपणापलीकडची घरं त्या शाळेत, आमची रांग दुसऱ्या शाळेत. खिडकीतून पलीकडच्या घराचा झोपाळा दिसायचा आणि तिथली मुलं वेगळ्या बसमध्ये चढताना दिसायची. मुलगी दोन आठवडे आमच्याशी धड बोलली नाही. तेव्हा नुसतं अपार्टमेंटचं किंवा कॉम्प्लेक्सचं नाव टाकू नका, नेमका घर क्रमांक टाका.

टपालाच्या पत्त्यातल्या शहराच्या नावावरही जाऊ नका. 'फॉल्स चर्च' असा पत्ता असलेली हजारो घरं फॉल्स चर्च शहरात नाहीतच, ती फेअरफॅक्स काउंटीत आहेत. फॉल्स चर्च शहराची शाळा-यंत्रणा स्वतंत्र आहे आणि तिचं हायस्कूल म्हणजे मेरिडियन. फॉल्स चर्च हायस्कूल मात्र काउंटीचं. अलेक्झांड्रियाचंही असंच आहे. पत्ता अलेक्झांड्रियाचा पण घर काउंटीत, तर मूल काउंटीच्या शाळेत जाणार, अलेक्झांड्रिया सिटी हायस्कूलमध्ये नाही. फेअरफॅक्स शहराची तर तिसरीच तऱ्हा. फेअरफॅक्स हायस्कूलची इमारत शहराच्या मालकीची आहे, पण शाळा काउंटी चालवते.

जुनी माहिती वाचताना बदललेली नावंही लक्षात ठेवा. जस्टिस हायस्कूलचं नाव २०१८ पर्यंत स्टुअर्ट होतं आणि लुईसचं २०२० पर्यंत ली. मेरिडियनचं जुनं नाव जॉर्ज मेसन. दहा वर्षांपूर्वीची चर्चा वाचून "ही शाळा बंद पडली वाटतं" असं समजू नका.

हद्दीही कायमच्या नसतात. मॅक्लीन हायस्कूलमध्ये गर्दी झाली म्हणून २०२१ मध्ये त्याच्या हद्दीचा काही भाग लँग्ली हायस्कूलकडे दिला गेला. २०२४ मध्ये काउंटीच्या शाळांचा कारभार बघणाऱ्या स्कूल बोर्डाने धोरण बदललं आणि दर पाच वर्षांनी सगळ्या काउंटीच्या हद्दींचा फेरआढावा घ्यायचं ठरवलं. २०२५ मध्ये पश्चिम भागात हर्नडनजवळची एक तयार शाळा-इमारत १५ कोटी डॉलरना विकत घेतली गेली. नवं हायस्कूल आलं की चँटिली, वेस्टफील्ड, ओकटन, साउथ लेक्स यांसारख्या आसपासच्या शाळांच्या हद्दींचा विचार होणारच. घर हद्दीच्या अगदी काठावर असेल, तर बोर्डाच्या चालू प्रस्तावांचे नकाशे उघडून बघा. मूल पाचवीत असताना घर घेणाऱ्यांनी तर बघाच.

दुसरी पायरी: शाळेआधी मुलाबद्दल अर्धं पान

चौकटीची वही घ्या आणि डाव्या पानावर मुलाबद्दल लिहा. गणितात सध्या कुठे आहे? कोणतं वाद्य, कोणता खेळ? गर्दीत फुलतं की मिटतं? लिखाणाचा कंटाळा आहे का? कुठे मदत लागते? उजव्या पानावर दोन, फार तर तीन शाळा. यापेक्षा जास्त घेतल्या की आकड्यांचा ढीग होतो आणि निर्णय होत नाही. हर्नडन-चँटिली भागात घर शोधणाऱ्याला लँग्ली आणि वुडसनची तुलना करून काय मिळणार? ऑफिसचा रस्ता आणि भाड्याचं बजेट या दोन चाळण्यांतून ज्या शाळा उरतात, त्याच घ्या.

हे अर्धं पान लिहायला आम्हाला एक संध्याकाळ लागली आणि नवरा-बायकोचं दोनदा वाजलं. पण पुढचं सगळं काम त्या पानामुळेच सोपं झालं.

तिसरी पायरी: रँकिंगच्या पोटात काय आहे ते बघा

रँकिंग बघू नका असं मी म्हणणार नाही, सगळेच बघतात. फक्त तो आकडा कशापासून बनला ते बघून घ्या. यू.एस. न्यूजच्या यादीत ३० टक्के वजन एपी आणि आयबी (हायस्कूलमधले वरच्या पातळीचे दोन अभ्यासक्रम, पाचव्या पायरीत सांगते) यांच्या परीक्षांना आहे. आणखी १० टक्के आहेत विद्यार्थी किती वेगवेगळ्या विषयांत अशा परीक्षा देतात त्याला. राज्याच्या परीक्षांमधली कामगिरी दोन प्रकारे मोजून ४० टक्के, मागे राहणाऱ्या गटांची कामगिरी १० टक्के आणि बारावी पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यांचं प्रमाण १० टक्के. शिक्षक कसे आहेत, मूल तिथे सुखी आहे का, काउन्सिलरला (विषय आणि कॉलेज निवडायला मदत करणारा शाळेतला सल्लागार) वेळ आहे का, यांपैकी काहीही त्यात नाही. नीश या दुसऱ्या रँकिंग साइटच्या श्रेणीत लोकांनी लिहिलेली मतंही मिसळलेली असतात. ग्रेटस्कूल्सचा दहापैकी आकडा घरांच्या साइटवर दिसतो, म्हणून तो सर्वांत जास्त पसरतो.

माझं स्पष्ट मत असं की या याद्यांमधला मोठा वाटा त्या वस्तीतल्या आई-वडिलांच्या शिक्षणाचा आणि उत्पन्नाचा असतो. ज्या घरात दोघं इंजिनिअर आहेत, संध्याकाळी अभ्यासाला कुणीतरी शेजारी बसतं आणि शिकवणीला पैसे आहेत, तिथलं मूल कुठल्याही शाळेत बरे गुण आणतं. अशी मुलं जिथे जास्त, तिथला आकडा मोठा. शाळेने स्वतः काय केलं हे त्या आकड्यातून कळत नाही. ते कळायला चौथी पायरी लागते.

चौथी पायरी: राज्याच्या आकड्यांची उजळणी

व्हर्जिनियाचं शिक्षण खातं 'स्कूल क्वालिटी प्रोफाइल्स' नावाच्या संकेतस्थळावर प्रत्येक सरकारी शाळेचे आकडे देतं. पैसे नाहीत, लॉगिन नाही. इथे एक शनिवार सकाळ द्या. मी वहीत चार ओळी करते.

पहिली ओळ एसओएलच्या निकालाची. 'स्टँडर्ड्स ऑफ लर्निंग' या राज्याच्या परीक्षा सगळ्या सरकारी शाळांत सारख्याच असतात, म्हणून तुलनेला उपयोगी पडतात. पण एकूण टक्केवारी वाचून थांबू नका, गटवार निकाल उघडा. का ते उदाहरणाने सांगते. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. समजा 'अ' शाळेत कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं १० टक्के आहेत आणि 'ब' शाळेत ५० टक्के. बऱ्या उत्पन्नाच्या मुलांचा निकाल दोन्हीकडे ९२ टक्के. कमी उत्पन्नाच्या मुलांचा 'अ'मध्ये ६८ आणि 'ब'मध्ये ७४. आता एकूण निकाल काढा. 'अ' सुमारे ९०, 'ब' ८३. 'ब' शाळा एकाही गटात मागे नाही, एका गटात तर सहा टक्क्यांनी पुढे आहे, तरी यादीत ती सात टक्के खाली दिसते आणि तिच्या हद्दीतलं घर स्वस्त मिळतं. मला हे पहिल्यांदा वहीत मांडल्यावर दिसलं, तेव्हा मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं होतं.

म्हणून तुमचं मूल ज्या गटात बसतं, त्या गटाची दोन्ही शाळांतली टक्केवारी शेजारी-शेजारी लिहा. मुलाला शिकण्यात विशेष मदत लागत असेल, तर 'स्टुडंट्स विथ डिसॅबिलिटीज' हा गट बघा. भारतातून नुकतंच आलं असेल, तर इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा. तीन-चार वर्षांचे आकडे घ्या. एखाद्या लहान गटात एका वर्षी पाच मुलं इकडची तिकडे झाली तरी टक्केवारी उडी मारते.

दुसरी ओळ डिप्लोमाच्या, म्हणजे बारावी संपल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्राच्या, प्रकाराची. वेळेत डिप्लोमा घेणाऱ्यांचं प्रमाण चांगल्या शाळांमध्ये इतकं वर असतं की त्यावरून दोन शाळांमधला फरक दिसत नाही. त्याऐवजी 'ॲडव्हान्स्ड स्टडीज डिप्लोमा' किती मुलांनी घेतला ते बघा. साध्या डिप्लोमाला २२ क्रेडिट (एका विषयाचं एक वर्ष म्हणजे साधारण एक क्रेडिट) लागतात आणि ॲडव्हान्स्डला २६. त्यात गणित, विज्ञान आणि इतिहासाची चार-चार वर्षं असतात, शिवाय एका परकीय भाषेची तीन वर्षं किंवा दोन भाषांची दोन-दोन. शाळा मधल्या फळीतल्या मुलांना वर ओढते का, हे या एका आकड्यातून मला सर्वांत चांगलं कळतं. हुशार मूल कुठेही ॲडव्हान्स्ड घेणारच. प्रश्न साधारण मुलाचा असतो.

तिसरी ओळ गैरहजेरीची. शाळेच्या १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण 'क्रॉनिक ॲबसेंटीइझम' या नावाने दिलेलं असतं. वर्ग अर्धा रिकामा असला की शिक्षकाला तेच तेच पुन्हा शिकवावं लागतं, आणि रोज येणारं मूल कंटाळतं. हा आकडा वर्षागणिक उतरतोय की चढतोय ते बघा.

चौथी ओळ एपीची, आणि इथे आपल्याकडचा अनुभव कामाला येतो. शंभर टक्के निकाल लावण्यासाठी कच्च्या मुलांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवणाऱ्या शाळा आपण पाहिल्या आहेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास, हा आकडा तसाच फसवा असतो. समजा दोन्ही शाळांत बारावीची ५००-५०० मुलं आहेत. एकीत १०० मुलं एपीला बसली आणि ९० जणांना पाचपैकी ३ किंवा जास्त, म्हणजे पास होण्याइतके, गुण मिळाले. दुसरीत ३०० बसली आणि २२५ जणांना मिळाले. पहिलीचा निकाल ९० टक्के, दुसरीचा ७५. पण दुसऱ्या शाळेने अडीचपट मुलांना तिथपर्यंत नेलं. तुमचं मूल वर्गातल्या पहिल्या शंभरात नसेल, तर दार कुठे उघडं आहे? म्हणून 'बसले किती' आणि 'पास किती' हे दोन्ही आकडे एकूण मुलांच्या प्रमाणात लिहा.

पाचवी पायरी: एपी की आयबी

फेअरफॅक्समध्ये हायस्कूलं साधारण दोन घराण्यांची आहेत. चँटिली, ओकटन, वेस्टफील्ड, मॅडिसन, मॅक्लीन, लँग्ली, वुडसन ही एपीवाली. साउथ लेक्स, मार्शल, रॉबिन्सन ही आयबीवाली. आपले लोक हा फरक सर्वांत कमी बघतात आणि नंतर त्याच्याचबद्दल हळहळतात.

एपी म्हणजे सुटे विषय. ज्याला गणित-विज्ञानात उडी मारायची आहे आणि इतिहासात बेताचंच राहायचं आहे, त्याला ते सोयीचं. मे महिन्यात परीक्षा, १ ते ५ गुण. आयबीचा पूर्ण डिप्लोमा म्हणजे अकरावी-बारावीत सहा विषयांचा एक संच. त्याच्याबरोबर 'थिअरी ऑफ नॉलेज', ४,००० शब्दांपर्यंतचा स्वतंत्र निबंध आणि वर्गाबाहेरच्या उपक्रमांची नोंद. प्रत्येक विषयाला ७, 'थिअरी ऑफ नॉलेज' आणि निबंधाचे मिळून ३, असे एकूण ४५ गुण. लिहायला, वाद घालायला, वाचायला आवडणाऱ्या मुलाला आयबी घडवते. ज्याला पानभर लिहायचं म्हटलं की पोटात दुखतं, त्याला ती दोन वर्षं जड जातात. पूर्ण डिप्लोमा न घेता आयबीचे एक-दोन विषयही घेता येतात, हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. क्रेडिट देताना बरीच विद्यापीठं आयबीचे 'हायर लेव्हल' विषयच धरतात, म्हणून कोणते विषय त्या पातळीवर शिकवले जातात ते विचारा.

गुणांच्या सरासरीत भेद नाही. काउंटीत एपी, आयबी आणि ड्युअल एनरोलमेंट (शाळेत असतानाच घ्यायचे कॉलेजचे विषय) या तिन्हींना १.० जास्तीचं वजन मिळतं आणि ऑनर्सला (नेहमीपेक्षा वरच्या पातळीचा वर्ग) ०.५. "आयबीमुळे जीपीए पडतो" हे मी बऱ्याचदा ऐकलं आहे, पण निदान या हिशेबात ते खरं नाही.

बेस स्कूलमध्ये हवा तो कार्यक्रम नसेल, तर दुसऱ्या शाळेत बदलीचा अर्ज करता येतो. पण तिथे जागा असावी लागते, ने-आण तुमची तुम्हीच करायची असते आणि मूल शाळेच्या संघातून खेळत असेल तर आधी खेळाचे नियम वाचा. घर न बदलता शाळा बदललेल्या खेळाडूला राज्याच्या हायस्कूल लीगचा एक वर्षाचा बदली-नियम आडवा येतो. बदली मिळेलच असं धरून घर घेऊ नका.

सहावी पायरी: कॅटलॉग आणि स्कूल प्रोफाइल

प्रत्येक हायस्कूलचा विषयांचा कॅटलॉग संकेतस्थळावर असतो. तो छापून घ्या. आम्ही जेवणाच्या टेबलावर दोन शाळांचे दोन गठ्ठे ठेवले होते आणि मुलीच्या हातात पिवळा हायलायटर दिला होता. जे घ्यावंसं वाटतं ते रंगव, एवढंच सांगितलं. एका गठ्ठ्यात तिने नऊ पानं रंगवली, दुसऱ्यात चार. पहिल्या गठ्ठ्यात ऑर्केस्ट्राच्या तीन पातळ्या होत्या आणि जीवशास्त्राच्या पुढचे विषय होते. तेव्हा ती व्हायोला वाजवायची, अजूनही वाजवते.

गणिताची शिडी स्वतंत्र काढा. आठवीत अल्जेब्रा १ झालं तर नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जेब्रा २, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत एपी कॅल्क्युलस. आयबी शाळेत शेवटच्या दोन पायऱ्यांची नावं वेगळी असतात. सातवीतच अल्जेब्रा झालं असेल तर ही शिडी अकरावीतच संपते. मग बारावीत काय? मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस शाळेतच शिकवतात, ऑनलाइन घ्यावं लागतं की मिळतच नाही? आपल्या घरांत गणितात पुढे पळणारी मुलं बरीच असतात, म्हणून हा प्रश्न आधीच विचारून ठेवा.

कॅटलॉगमधला प्रत्येक विषय दर वर्षी भरतोच असं नाही. पुरेशा मुलांनी मागितला नाही तर वर्ग निघत नाही. "यंदा या विषयाचे किती वर्ग चालू आहेत?" असं थेट विचारा. या प्रश्नाचं उत्तर मला दोन्ही शाळांतून दोन दिवसांत मिळालं.

दुसरा कागद म्हणजे 'स्कूल प्रोफाइल'. मुलाच्या अर्जासोबत काउन्सिलर हा कागद विद्यापीठाला पाठवतो. शाळेत काय काय शिकवलं जातं, गुणपद्धत कशी आहे, किती मुलं कुठे पोचतात, हे दोन-चार पानांत असतं. प्रवेश अधिकारी तुमच्या मुलाकडे याच कागदाच्या चौकटीतून बघतो. शाळेत बारा एपी असताना मुलाने चार घेतले, आणि शाळेत पाचच असताना चार घेतले, या दोन गोष्टी त्याला वेगवेगळ्या दिसतात.

ज्यांची मुलं पुस्तकापेक्षा हातांनी जास्त शिकतात, त्यांनी अकॅडमी (कामधंद्याची कौशल्यं शिकवणारी केंद्रं) नक्की बघाव्यात. चँटिली, एडिसन, फेअरफॅक्स, फॉल्स चर्च, मार्शल आणि वेस्ट पोटोमॅक या शाळांना जोडून त्या आहेत. दुसऱ्या हायस्कूलचं मूल दिवसाचा काही भाग तिथे जाऊन शिकू शकतं, नाव मात्र आपल्याच शाळेत राहतं. आमच्या ओळखीतला एक मुलगा गाड्यांचं काम शिकायला असा जायचा. घरी सुरुवातीला नाराजी होती. आता तोच मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे आणि इंजिन उघडायला घाबरत नाही. नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजच्या सहकार्याने शाळेत चालणारे ड्युअल एनरोलमेंटचे विषयही बघा. राज्याच्या विद्यापीठांत त्यांचं क्रेडिट बऱ्याचदा चालतं आणि एका परीक्षेवर सगळं अवलंबून नसतं.

मराठीबद्दलही सांगते. काउंटीत भाषेची परीक्षा देऊन परकीय भाषेचं क्रेडिट मिळवायची सोय आहे. अव्हांट या कंपनीची 'स्टॅम्प' ही भाषेची परीक्षा मराठीतही घेता येते. रविवारच्या मराठी शाळेत वर्षानुवर्षं जाणाऱ्या मुलाने त्याचा लाभ का घेऊ नये? त्या वर्षीच्या यादीत कोणत्या भाषा आहेत आणि कोणत्या परीक्षा ग्राह्य धरतात, हे सप्टेंबरातच काउन्सिलरला विचारा.

सातवी पायरी: टीजेचा हिशेब वेगळा ठेवा

थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी हे १९८५ मध्ये सुरू झालेलं प्रवेश-निवडीचं हायस्कूल. तिथे लाउडन, प्रिन्स विल्यम, आर्लिंग्टन आणि फॉल्स चर्च शहरातलीही मुलं येतात. २०२० मध्ये जुनी प्रवेश परीक्षा रद्द झाली. आता नववीच्या ५५० जागा आहेत आणि प्रत्येक सरकारी मिडल स्कूलला आठवीतल्या मुलांच्या १.५ टक्के एवढा वाटा राखलेला आहे. उरलेल्या जागांसाठी सगळ्यांत स्पर्धा. या बदलावर खटला झाला. अपील न्यायालयाने मे २०२३ मध्ये काउंटीच्या बाजूने निकाल दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायला नकार दिला.

टीजे मिळेल म्हणून बेस स्कूल कसंही चालेल, असं म्हणू नका. अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांना प्रवेश मिळत नाही, आणि मिळाला तरी काउंटीच्या पश्चिम टोकाहून बसचा प्रवास रोजचा वेळ खातो. वहीत टीजेची ओळ करा, पण निर्णय बेस स्कूलवर घ्या.

आठवी पायरी: शाळेच्या दारात

इमारतीची क्षमता आणि प्रत्यक्ष मुलं यांचे आकडे काउंटीच्या 'कॅपिटल इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम'च्या अहवालात शाळावार असतात. क्षमतेपेक्षा जास्त मुलं असली की मैदानाकडेला ट्रेलरमध्ये वर्ग भरतात. त्याने शिकवणं बिघडतंच असं नाही, पण दोन तासांच्या मध्ये जानेवारीच्या गारठ्यात बाहेरून जावं लागतं.

लेक ब्रॅडॉक, रॉबिन्सन आणि हेफील्ड या 'सेकंडरी' शाळा आहेत, म्हणजे सातवी ते बारावी एकाच ठिकाणी. काही मुलांना हे फार मानवतं, कारण नववीत पुन्हा नवीन शाळा नसते. काहींना हजारोंची गर्दी अंगावर येते. पहिल्या पानावर तुम्ही काय लिहिलं होतं ते बघा.

मग प्रत्यक्ष जा. आठवीच्या वर्षी हिवाळ्यात शाळा नव्या मुलांसाठी माहितीची संध्याकाळ ठेवतात. हद्दीतले नसलात तरी फोन करून विचारा, आम्हाला दोन्हीकडे "या" म्हणाले. भाषणं सगळीकडे सारखीच होतात. मी कॉरिडॉरमधल्या भिंती वाचत हिंडले. एका शाळेत फक्त खेळातल्या ढाली होत्या. दुसरीकडे गणिताच्या खोलीबाहेर एक कागद चिकटवला होता: दुपारी थांबून शंका विचारायचे दिवस, शिक्षकाचं नाव, खोली क्रमांक. खाली मुलांनी पेन्सिलीने आपली नावं लिहिली होती आणि कागदाचे कोपरे हाताळून मऊ झाले होते. म्हणजे तो खरोखर वापरात होता.

एखाद्या दिवशी शाळा सुटताना रस्त्यापलीकडे गाडी लावून वीस मिनिटं नुसतं बघा. मुलं कशी बाहेर पडतात, एकटी मुलं किती, सुरक्षा कर्मचारी त्यांच्याशी नावाने बोलतात का, उशिरा थांबणाऱ्यांसाठी 'लेट बस' आहे का. दोघंही नोकरी करत असलात, तर लेट बसचे दिवस लिहूनच आणा. ती नसेल तर क्लब, नाटक, विज्ञान-ऑलिंपियाड हे सगळं तुमच्या गाडीवर अवलंबून राहतं.

काउन्सिलरशी बोलायला पंधरा मिनिटं मागा. तीन प्रश्न पुरतात: एका काउन्सिलरकडे किती मुलं आहेत? ऑर्केस्ट्रा आणि हवा तो विज्ञानाचा विषय एकाच तासाला आले तर काय करता? मधल्या गुणांचं मूल ऑनर्स मागायला आलं तर काय सांगता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना चेहऱ्याकडे बघा.

भारतातून नववी-दहावीच्या वयात येत असाल तर

जुन्या शाळेतून गेल्या तीन-चार वर्षांच्या गुणपत्रिका इंग्रजीत, सही-शिक्क्यासह आणा. लसीकरणाची नोंदही आणा. घरी मराठी बोलतो असं फॉर्मवर लिहिलं की इंग्रजीची चाचणी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खरा प्रश्न गणितात कुठे बसवतात हा. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती वर्षानुवर्षं सोबत शिकवतात, इथे एका वर्षी एकच. त्यामुळे मूल येतं तेच त्याला पुन्हा शिकायला लागायची शक्यता असते. पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिका बरोबर ठेवा आणि पहिल्याच आठवड्यात बोला. वर्षाच्या मध्यावर वर्ग बदलणं अवघड जातं.

काउंटी दुसरी असेल तर

पोटोमॅकपलीकडे मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीतही एकच शाळा-यंत्रणा आहे. तिथे माँटगोमेरी ब्लेअरचा विज्ञान-गणिताचा मॅग्नेट आणि रिचर्ड माँटगोमेरीचं आयबी हे निवडीचे कार्यक्रम आहेत. शेजारच्या लाउडनमध्ये 'अकॅडमीज ऑफ लाउडन' आहे. न्यू जर्सीत मात्र 'काउंटीतल्या शाळा' या शब्दांना फारसा अर्थच नाही. मिडलसेक्स काउंटीत गावागणिक वेगळी यंत्रणा, वेगळं बोर्ड, वेगळा कर. एकट्या एडिसन गावात जे. पी. स्टीव्हन्स आणि एडिसन अशी दोन हायस्कूलं आहेत. तिथे पहिल्या पायरीवर काउंटीऐवजी टाउनशिप लिहा, बाकीच्या पायऱ्या चालतात.

शेवटची ओळ मुलाची

वहीच्या तळाशी एक ओळ रिकामी ठेवा आणि सगळे आकडे भरून झाल्यावर वही मुलाच्या हातात द्या. आमची दुसरी लीज संपत आली तेव्हा मी दोन शाळांचे अकरा मुद्दे लिहिले होते. मुलीने ते वाचले, गणिताच्या शिडीत माझी एक चूक दुरुस्त केली आणि आपल्या ओळीत पेन्सिलीने लिहिलं: "ज्या शाळेत ऑर्केस्ट्राची खोली रात्री नऊपर्यंत उघडी होती, ती."